कोठाराचा गिलावा

जुन्या इमारती दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे घाणीचं मला वावडं नाही. वटवाघळांच्या लेंड्या, कुजलेला पेंढा, भिंतीत मेलेले उंदीर, सगळं या हातांनी उपसलंय. पण धाकट्या भावानं घेतलेल्या त्या शेतावरच्या कोठारात पाय ठेवला आणि मी दारातच थबकले, नाकाला रुमाल लावला.

बाहेरून वास्तू देखणी, खोटं कशाला बोलू? काळ्या दगडाचं जोतं. समोरासमोर दोन दांडगे दरवाजे, म्हणजे मळणीच्या वेळी वारा आरपार जाऊन भुसा उडावा. वर पेंढ्याचा माळा. तुळया नुसत्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, खिळा औषधालाही नाही. भाऊ इथे घर करणार होता. बायकोचे दिवस भरत आले होते आणि बाळाला इथेच आणायचं, असा दोघांचा हट्ट.

खटकली ती धान्याच्या खोलीची आतली भिंत. पिवळट, तेलकट, वर्षानुवर्षं न बदललेल्या उशीच्या अभ्र्यासारखी. आणि वास? न धुतलेल्या डोक्याचा. शी!

"चुन्यात पूर्वी केस घालायचे," मी भावाला सांगितलं. "गिलावा तडकू नये म्हणून. जनावरांचे."

"घरच्यांचे," दारातून आवाज आला. कोठार विकणारा म्हातारा किल्ल्या द्यायला आला होता. "इथे राहायचं, तर ज्याचे त्यानं कापून द्यायचे. जनावराचा केस ही भिंत धरत नाही."

"आणि नाही दिले तर?" भावानं हसत विचारलं.

म्हातारा हसला नाही. "आमच्यात कुणी चुकवलं नाही," म्हणाला आणि किल्ल्या ठेवून निघून गेला.

मी पटाशीनं थोडा भाग खरवडला. थरावर थर निघाले. एकात पांढरे केस, एकात तांबूस, एकात काळेभोर. जुन्या चुन्यातला केस सुका असतो, काडीसारखा मोडतो. मी एक ओढला तर तो मुळासकट आला, टोकाला ओलसर पांढरा गड्डा घेऊन. मी हात पँटला कितीदा पुसला, तरी बोटांचा ओशटपणा जाईना.

"हा सगळा गिलावा उतरवायचाय," मी बजावलं. "मी माणसं घेऊन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

ऐकेल तर तो माझा भाऊ कसला! पुढच्या आठवड्यात मी गेले तर दोघं सामानासकट राहायलाच आलेली. खरवडलेली जागा गुळगुळीत लिंपलेली, आणि भावजयीची कमरेपर्यंतची वेणी गायब. केस कानापाशी आखूड कापलेले. भावाचंही डोकं भादरलेलं.

"चुना टिकतच नव्हता हो ताई," ती म्हणाली. "सारखा गळून पडायचा. शेवटी गंमत म्हणून आम्ही दोघांनी आपापले केस घातले, तर लगेच धरला बघा."

"डोकी फिरलीत का तुमची?"

"ओरडू नकोस ना तिच्यावर," भाऊ वैतागला. "भिंत झाली ना पक्की? तुझी आपली सदा कटकट."

ती त्या लिंपलेल्या जागेलाच पाठ टेकून बसली होती. ऊब लागते म्हणे. चेहरा पांढराफटक, पाठीकडून कुर्त्याच्या खांद्यांवर पसरत आलेला भलामोठा तेलकट डाग.

"ऊठ. आजच्या आज माझ्या घरी चल."

"बसू द्या ना हो. इथे किती शांत वाटतं. बाळसुद्धा बघा ना, कालपासून हललं नाही."



"गाडी काढ!" मी भावावर ओरडले. "दवाखान्यात जायचंय, आत्ता!"

तो धावला. मी तिला उठवायला वाकले आणि आधारासाठी भिंतीला हात टेकला.

गिलावा मऊ लागला. त्यावर बारीक जावळ उगवलं होतं, ओलसर, कोमट.

अंगठ्याखाली तान्ह्या बाळाची टाळू होती.

ती उडत होती.