अडकलेलं काडतूस

तळ्यातला पंप गाळात रुतला होता, म्हणून रेनार्स पाण्यात उतरला. ऑक्टोबर संपत आला होता. पाणी पोटऱ्यांना चावत होतं, आणि काठावर काठी टेकून उभा असलेला ओपाप सूचना देत होता.

"डावीकडे. डावीकडे म्हणतोय मी! रीगाच्या विद्यापीठात डावं-उजवंही शिकवलं नाही का?"

"शिकवायच्या आत सोडलं मी," रेनार्स म्हणाला.

ओपाप, म्हणजे रेनार्सचा आजोबा तेओदोर्स, शहाऐंशी वर्षांचा होता. बाप आयर्लंडात मशरूम खुडत होता. त्यामुळे वीक्सनास नावाच्या या शेतघरात उरले होते दोघेच: एक म्हातारा, ज्याला काही सांगायचं नव्हतं, आणि एक बावीस वर्षांचा पोरगा, ज्याचं ऐकूनच घेतलं जात नव्हतं.

पंप सापडायच्या आधी हाताला दुसरंच काहीतरी लागलं. लांब, थंड, आणि खाली केळ्यासारखं वाकलेलं. डोळ्यांनी बघायच्या आधीच बोटांनी ओळखलं. गेली तीन वर्षं तो हेच करत होता. कुर्लँडच्या, म्हणजे याच भागातल्या चिखलातून निघणाऱ्या महायुद्धातल्या स्वयंचलित रायफली साफ करायच्या, निर्जीव करून घ्यायच्या आणि भिंतीवर शोभतील अशा करून द्यायच्या. आतापर्यंत सहा झाल्या होत्या. पण अशी, दस्त्याच्या लाकडासकट अखंड, एकही नव्हती. गाळात हवा शिरली नव्हती, म्हणून गंजानंही तिला सोडलं होतं.

तो ती छातीशी धरून वर आला. ओपापची काठी गळून पडली होती.

"परत टाक."

"का?"

"टाक म्हटलं ना."

या घरात प्रत्येक प्रश्नाला एवढंच उत्तर असायचं. आजी कशानं गेली? सोड म्हटलं ना. गोठ्याच्या पलीकडच्या दगडी भिंतीपाशी बटाटे का लावायचे नाहीत? नाही म्हटलं ना. या पिढीनं तीन राजवटी बघितल्या आणि त्यातून एकच कला उचलली, तोंड बंद ठेवायची. पुढं तीच काळ्या पावाबरोबर पोरांना भरवली. पोरं आयर्लंडला पळाली, तर म्हणे, हल्लीच्या पोरांना मातीची ओढ नाही.

रेनार्सनं रायफल परत टाकली नाही.

मागच्या अंगणातलं जुनं वाफेचं न्हाणीघर हेच त्याचं वर्कशॉप होतं. दोन दिवस रायफल रॉकेलमध्ये पडून होती. तिसऱ्या दिवशी त्यानं मऊ ब्रशनं तिच्या पोटातला गाळ काढला, आणि आत दिसलं एक काडतूस. नळीच्या तोंडाशी तिरकं होऊन अडकलेलं. बोल्टनं, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीनं, ते कमरेत चावून धरलं होतं. ज्यानं शेवटचा चाप ओढला होता, त्याला हिनं ऐन वेळी दगा दिला होता.

नियमाप्रमाणे त्यानं फोन केला. बॉम्बनाशक पथकाची दोन माणसं आली, शिट्टी वाजवत त्यांनी ते काडतूस सोडवलं आणि रेतीच्या खाणीत नेऊन उडवलं. पुढच्या आठवड्यात लिएपाया शहरातल्या परवानाधारक कारागिरानं नळी वेल्डिंगनं कायमची बुजवली, बोल्ट कापून जागच्या जागी डकवला, शिक्का मारला. आता ती रायफल नव्हती. रायफलच्या आकाराचं लोखंड होतं.

तिथल्याच संग्रहालयातल्या इंगुनाबाईंनी फोटो पाहून फोन केला. "अकरा नोव्हेंबरला प्रदर्शन उघडतंय. तोवर दस्ता आणि पॉलिश नीट जमवलंस, तर आमच्या वर्कशॉपमधली नोकरी तुझी. वरची खोलीसुद्धा. पण नाटकं नकोत, रेनार्स. तुझ्याबद्दल ऐकून आहे मी."

त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. नोकरी, खोली, आणि या घरापासून साठ किलोमीटरचं अंतर.

रायफल वेल्डिंग होऊन परत आली, त्याच दिवशी ते सुरू झालं.

दुपारचे तीन वाजले होते. दोघं जेवायला बसले होते. न्हाणीघरातून आवाज आला. खट्... खटाक्. बोल्ट मागे जाऊन पुढे आपटल्याचा. इतर कुणाला दार आपटल्यासारखं वाटलं असतं, पण रेनार्सला तो आवाज झोपेतसुद्धा कळला असता. ओपाप चमचा ठेवून उठला. बाहेर गेला, गोठ्यापलीकडच्या भिंतीला तळहात लावून, तोंड दगडांकडे करून उभा राहिला. पाच मिनिटांनी परत आला आणि गार झालेलं बीटचं सूप प्यायला लागला.

रेनार्सनं जाऊन पाहिलं. रायफल लाकडी स्टँडवर होती. बोल्टवरचा मेणाचा थर जसाच्या तसा होता. फक्त खोलीत वास होता... बंदुकीच्या जळक्या दारूचा.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो आवाज दोनदा आला. तिसऱ्या दिवशी तीनदा.

त्यानं बापाला फोन लावला. "म्हातारा रोज भिंतीपाशी जाऊन उभा राहतो."

"वय झालंय रे. होतं असं. पैसे पाठवू का?"

"तुझे पैसे घाल चुलीत," म्हणून त्यानं फोन ठेवला.

सातव्या दिवशी सात आवाज झाले. ओपाप भिंतीपासून परतला. खुर्चीत बसला आणि कुणी न विचारता बोलला. रेनार्सनं आयुष्यात पहिल्यांदाच हे पाहिलं.

"उद्या माझा नंबर."

"कसला नंबर?"

"पंचेचाळीसचा मार्च होता. आम्ही गवताच्या गंजीत एकाला लपवलं होतं, पळून आलेला होता. कुणीतरी चुगली केली. एकच शिपाई आला."

"कुणाचा? जर्मन? रशियन?"

"मी आठ वर्षांचा होतो. मी त्याचे बूट बघत होतो." म्हातारा ओठ चाटत राहिला. "आठ जणांना भिंतीला लावलं. एकेक करून... सात पडले. आठव्याला ती रायफल अडकली. त्यानं शिव्या घातल्या, दगडावर आपटली, तळ्यात फेकली आणि निघून गेला. ते काडतूस अडकलेलं होतं, तोवर मी होतो. तू ते सोडवलंस."

रेनार्सच्या डोक्यात रक्त चढलं. "मग सांगायचं होतंस ना! अठ्ठ्याहत्तर वर्षं तोंड शिवून बसलास. त्या दिवशी काठावर एवढं एक वाक्य बोलला असतास..."

"तू ऐकलं असतंस?"

"हो!"

आणि ते खरं होतं. म्हणूनच त्याला जास्त चीड आली.

काडतूस खाणीत उडालं होतं. नळी बुजली होती. तो अडकलेला क्षण पुन्हा जुळवायला जगातल्या कुठल्याच कारागिराला जमलं नसतं. एकच गोष्ट हातात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रायफल घोंगडीत गुंडाळली, गाडीत टाकली, लिएपायाला नेऊन इंगुनाबाईंच्या ताब्यात दिली. त्यांनी दस्त्यावरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "सुंदर," आणि ती काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते कुलूप त्यानं स्वतः ओढून पाहिलं.

अडीचला तो घरी पोचला. तीनला ओपाप उठला.

"अरे, ती इथं नाहीये! काचेच्या आत आहे, कुलपात. बस खाली."

म्हातारा बाहेर पडला. रेनार्स मागोमाग धावला. न्हाणीघराचं दार उघडं होतं, स्टँड रिकामा दिसत होता. ओपापनं भिंतीला तळहात लावले. रेनार्स त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. उजेड राखेसारखा होता आणि जमिनीवर ओल्या पानांचा जाड थर होता.

"चल आत, ओपाप. सूप गार होतंय."

खट्... खटाक्.

रिकाम्या स्टँडवरून आवाज आला. आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाशी पानांचा थर दबला. जसं त्यावर काही जड पडलं असावं...

दुसरा आवाज. त्याच्या अलीकडची पानं दबली. तिसरा. चौथा. दर आवाजागणिक ते जवळ येत होतं. सहावा. सातवी जागा अगदी शेजारी होती, आणि तिथं पानं फार थोडी दबली.

मग काहीच नाही. वारासुद्धा नाही.

रेनार्सच्या बाहीला हिसका बसला. म्हाताऱ्याचा हात होता. रेनार्स सहा फुटी गडी, पण त्या हातानं त्याला पोतं ओढावं तसं आपल्या पुढ्यात ओढलं. पाठीशी म्हाताऱ्याचा श्वास लागत होता, गरम, घाईचा.

"ओपाप... काय करतोस?"

"तिलाही असंच," म्हातारा कानाशी कुजबुजला. "झेल्माला... माझ्या बहिणीला. सातवा मी होतो. ती माझ्यामागं होती, आठवी. पाच वर्षांची होती रे... माझ्या जागी ओढली तर वजनच लागलं नाही."

खट्... खटाक्.

काही झालं नाही. कानांना तेवढे दडे बसल्यासारखं झालं, आणि नाकात तो जळका वास भरला. रेनार्सनं स्वतःची छाती चाचपून पाहिली. कोरडी होती. वळून बघतो तर ओपाप घराकडे चालला होता, काठीशिवाय, ताठ. टेबलाशी बसून तो दोन वाट्या सूप प्याला आणि त्यानं पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली.

"तुझं गार झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेनार्स लिएपायाला निघून गेला. नोकरी मिळाली, खोली मिळाली. प्रदर्शनाला गर्दी झाली आणि त्या रायफलीपुढं शाळेतली पोरं फोटो काढून गेली. ओपाप ठणठणीत आहे. रविवारी फोन करतो, धुरी दिलेला मासा पाठव म्हणतो. तीनच्या सुमाराला आता तो कुठंही जात नाही, मस्त झोपतो म्हणे.

रेनार्स मात्र तीनला झोपू शकत नाही, बसूही शकत नाही. रोज त्या वेळेला, हातात ब्रश असो की मेणाचा डबा, त्याच्या बाहीला हिसका बसतो. मागं कुणी नसतं. हिसका खालून येतो, आठ वर्षांच्या पोराच्या उंचीवरून. एका शुक्रवारी त्यानं बुटांभोवती खडूनं रेघ मारून पाहिली. तीनला बूट रेघेच्या एक पाऊल पुढं होते. सोमवारी दोन.

आणि कालपासून दुसऱ्या बाहीलाही एक हात आहे. पहिल्यापेक्षा खूप लहान, पहिल्यापेक्षा खूप खाली. तो ओढत नाही.

नुसता धरून ठेवतो.