चिंचेच्या विहिरीपासून पाचशे मीटर

ज्ञानेश्वर, सुचिता, आधी मला एक सांगा. भूत मेलेल्या माणसाचंच असतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

हसू नका. लाइट यायला वेळ आहे, बसा थोडं. आणि तो कागद ठेवा बाजूला. संत्रा केंद्राला दुसरं बोअर घ्यायचंय आणि साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे, हे कळलं मला. त्याआधी पहिल्या बोअरची गोष्ट ऐका. गोष्ट आपल्या खुर्शीदची आहे.

खुर्शीद आता कोणाला पाणी दाखवत नाही. पण तेव्हा जळगाव जामोदपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कोणाला बोअर घ्यायचं असलं की पहिलं बोलावणं खुर्शीद पाणाड्याला जायचं. जांभळीची बेचकी दोन्ही मुठींत धरून तो अनवाणी चालायचा. बेचकी खाली ओढली गेली की तिथं थांबायचा. बोलायचा कमी.

दोन हजार तेवीस साल, मार्चची चौदा तारीख, मंगळवार. संत्री धुऊन, मेण लावून पेट्यांत भरायचं केंद्र गावात यायचं ठरलं होतं. तुम्ही दोघं आज कामाला जाता तेच. साठ जणांना काम मिळणार होतं. पोरं सुरतेला जायची थांबणार होती. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणतो. फक्त धुवायला पाणी पाहिजे होतं, आणि पुष्कळ पाहिजे होतं.

बेचकी दोन ठिकाणी वाकली. एक जागा नाल्यापलीकडे. तिथं पाणी बेताचं, आणि पाइप लांबून आणावा लागणार. दुसरी वरच्या अंगाला, केंद्राच्या कुंपणालाच लागून. तिथं पाणी भरपूर. पण ते जमिनीखालून कुठं जातं, हे खुर्शीदला पक्कं ठाऊक होतं. चिंचेच्या विहिरीत. नळ बंद पडला की सगळं गाव जिच्यावर पाणी भरायचं, त्या विहिरीत.

पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटर सोडून बोअर घ्यायचं, असा नियम. म्हणून टेप लावली. शेतातून सरळ मोजलं तर तीनशे साठच्या पुढं जाईना. मग कोणीतरी म्हणालं, सडकेनं मोजा, माणूस सडकेनंच जातो ना? सडक शाळेला वळसा घालून जाते. सडकेनं पाचशे बारा भरले.

हसतोस काय ज्ञानेश्वर? पाणी जमिनीखालून सडकेनं जात नाही, हे तुला कळतं. आम्हालाही कळत होतं. टेपचं एक टोक खुर्शीदच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. मी तेव्हा ग्रामपंचायतीत नळ सोडायचो. अठ्ठावीस वर्षं सोडले.

"शेषराव," तो मला म्हणाला, "पान्याले सडक मालूम हाये का?"

"काऊन खोडा घालतं बे?" मी म्हणालो. "पोट्ट्यांले काम भेटून राह्यलं न."

 संध्याकाळी त्यानं वरच्या जागेवर चुन्याची फुली मारली.

बोअरची मशीन रात्री बाराला सुरू करायची ठरली. दिवसा केली असती तर बायांनी विचारलं असतं. मशीनच्या गाडीवरच्या माणसांना जेवण पोचवायचं काम खुर्शीदकडं होतं. ते देऊन साडेअकराला तो पायीच घरी निघाला. चंद्र उगवायचा होता. वाट विहिरीवरूनच जाते.

विहिरीवर बाया उभ्या होत्या.

रांगेनं. प्रत्येकीजवळ रिकामा हंडा. त्याला वाटलं, नळ आला नसेल. पण त्या संध्याकाळी नळ मी स्वतः सोडला होता. रांग रहाटापासून सुरू होऊन अंधारात जात होती. शेवट दिसत नव्हता. आणि कोणी बोलत नव्हतं. आपल्याकडच्या बाया पाण्यावर जमल्या आणि गप्प, असं कधी पाहिलंय?

त्यानं एकेक तोंड पाहिलं. ओळखीचं एकही नाही. पण... हनुवटी किराणावाल्या कोकिळाबाईची. भुवया प्रसेनजित मास्तरच्या. सुचिता, एकीचं नाक तर तुझ्यासारखं होतं, असं तो मला म्हणाला. सगळं गाव तिथं होतं. गावातलं कोणी नव्हतं.

रहाटावर एक म्हातारी दोर ओढत होती. बादली वर आली. रिकामी. तिनं परत सोडली. खालून आवाज आला... दगडावर पत्रा आपटल्याचा.

विहिरीत तेव्हा पंधरा हात पाणी होतं.

"कोन्या गावची व माय?" खुर्शीदनं विचारलं.

"इथलीच."

"कधी पाह्यलं नाई तुले."

"कसं पाहशीन? मी जल्मलीच नाई अजून."

बादली वर आली. रिकामी.

"कोनाची तू?"

"नूरबीची. धाकली पोरगी."

नूरबी त्याच्या घरी झोपली होती. त्याची नात. तीन वर्षांची.

म्हातारीनं दोर थांबवला. "बारा नाई वाजले अजून," ती म्हणाली.

त्यानं मागं पाहिलं. वर मशीनचा दिवा दिसत होता. खिशात मोबाइल होता. त्यानं फोन लावला. अकरा पन्नास झाले होते.

फोन मला लावला होता.

"शेषराव... नाल्यापलीकडचं घेऊ आपन. म्या फुली चुकीची मारली. तू सांग त्याहिले. तुह्यं आयकतीन."

"झोप न बे चुपचाप. पाचशे बारा हाये. कागद झाला."

  फोन चालूच होता... आणि त्या फोनातून मला ऐकू आलं. दगडावर पत्रा. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा...

मी फोन ठेवला.

सुचिता, रडू नकोस. मी ठेवला. दहा मिनिटं होती माझ्याजवळ. मी पांघरूण घेतलं.

बाराला मशीन सुरू झाली. खुर्शीद म्हणतो, तो आवाज आला आणि रांग नव्हती. म्हातारी नव्हती. विहिरीत पंधरा हात पाणी होतं, काळं, स्थिर. तो घरी गेला. नूरबी गाढ झोपली होती.

पहाटे दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. फटाके फुटले, मीही पेढा खाल्ला. विहिरीचा तळ पुढच्या मे महिन्यात उघडा पडला. तो तुम्ही पाहिलाच आहे.

पण पेढा माझ्या तोंडात होता तेव्हाच कौसर, खुर्शीदची सून, नूरबीला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. तिनं पोरीची मूठ उघडून दाखवली. मग दुसरी.

त्या पोरीनं कधी दोर धरला नव्हता. त्या सकाळी तिच्या दोन्ही तळहातांवर घट्टे होते. पिवळे, कडक, वर्षानुवर्षं पाणी ओढणाऱ्या बाईचे असतात तसे.