नऊ तास चाळीस मिनिटं

धाकट्या भावाच्या घोट्यावर मोज्याचा वळ जेमतेम दोन मिलिमीटर खोल होता. तीस तास बसून आलेल्या माणसाच्या पायावर तो याहून खोल उमटेल, एवढं ताईनं मनाशी नोंदवलं. आई मात्र तोच पाय मांडीवर घेऊन चोळत होती आणि तीस तास बसून माझं लेकरू आलं म्हणून डोळे पुसत होती.

सहा वर्षांपूर्वी बाबा शेवटच्या घटका मोजत असताना यानंच फोनवर सांगितलं होतं, दोन विमानं बदलून तीस तास लागतात, मी काही पोचत नाही. ताई विमानतळावरच्या हवामान कचेरीत, वैमानिकांसाठी वरच्या वाऱ्यांचे नकाशे काढायची. त्या दिवशीच्या नकाशावर तिचीच सही होती. अंतर आठ हजार चारशे किलोमीटर, वारा पाठीमागून, थेट विमान, नऊ तास चाळीस मिनिटं. फोननंतर तीन तासांनी तिकडून सुटलेलं ते विमान अर्धं रिकामं उतरलं... आणि बाबा त्यानंतरही अकरा तास दाराकडे डोळे लावून होते. वारा उलटा आहे बाबा, येतोच आहे तो, असं ती त्यांना सांगत राहिली. वाऱ्याबद्दल ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, ते या भावासाठी. पुढं आईचं काळीज फाटू नये म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं, आणि आईला एकटं टाकवेना म्हणून डोंगरावरच्या वेधशाळेची प्रमुखपदाची जागा तीनदा नाकारली. चौथं पत्र कालच आलं होतं. भावाची वाट ती आईपेक्षाही आतुरतेनं पाहत होती.

चार दिवसांनी निघतो, ताई आहे म्हणून मला घोर नाही, असं धाकटा सांगत होता.

"हिला काय, डोक्यावरून रोज विमानं जातात, एकात म्हणून बसली नाही," आई हसली.

"ताईला घर सुटत नाही गं."

"नऊ तास चाळीस मिनिटं," ताई म्हणाली. "आज तेवढ्यातच आलास. बाबांच्या वेळीही तेवढेच लागले असते."

मग तिनं नकाशा वाचावा तसं सगळं क्रमानं सांगितलं... अंतर, वारा, रिकाम्या खुर्च्या, बाबांचे ते अकरा तास. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना ती डोळे भरून पाहत राहिली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"भीती वाटली गं," तो पुटपुटला. "बाबांना तसं बघवलं नसतं मला."

"मी बघितलं."

आईचे हात थांबले. तिनं त्याचा पाय अलगद मांडीवरून खाली ठेवला आणि ताईचं मनगट घट्ट धरलं.

"आणि तू हे एकटीनं गिळून बसलीस?"

सहा वर्षं कोरडे राहिलेले ताईचे डोळे भरून आले. हात तिनं सोडवून घेतला नाही, पण नजर भावावरूनही ढळू दिली नाही.

"सोमवारी मी वेधशाळेत रुजू होतेय. तुझं परतीचं तिकीट रद्द कर. आता आईजवळ तू राहायचंस."