समरजीतचा श्वास

"मेलंय, पण मढं नाही," शरयू म्हणाली. सिटी सेंटरमधल्या सीमंतिनीच्या छोट्या ऑफिसात एकदम गारठा शिरला.

ती खासगी तपास करायची. तिचा मावसभाऊ यशोधन गाडी चालवायचा आणि भलतेच निष्कर्ष काढायचा.

"कोण मेलं?" सीमंतिनीने विचारलं.

"गोबरगॅसची टाकी."

यशोधन फिसकन हसला. शरयू हसली नाही. शहराबाहेरच्या लष्करी तळावर तिनेच ती बांधली होती. परदेशातून तेल आलं नाही तरी शेणाखरकट्याच्या गॅसवर तळाचे दिवे लागावेत, असा प्रयोग होता. रोज संध्याकाळी जास्तीचा गॅस पाण्यातून सुटायचा तेव्हा उसासा ऐकू यायचा. जवान म्हणायचे, समरजीत श्वास घेतोय. डोंगरात डिझेलच्या टँकरवर पहारा देताना जळून गेलेला पोरगा तो. टाकीला नाव त्याचंच.

"पंधरवडाभर उसासा मंदावत गेला. काल थांबलाच. परवा मोठे साहेब तपासणीला येताहेत. दिवे लागले नाहीत तर प्रयोग गुंडाळतील. मग पुन्हा टँकर, पुन्हा पोरं."

तळावर धुकं होतं. आत गॅस नसल्याने टाकीचं तरंगतं लोखंडी झाकण खोल बसलं होतं. शेजारच्या ओट्यावर काळा दगड, त्यावर समरजीतचं नाव. दगड नवाकोरा, पंधरवड्यापूर्वीच बसवलेला. धुक्यात कुणीतरी उभं राहून बघतंय असं सारखं वाटत होतं.

"बाप रे, काय स्वच्छ!" यशोधन म्हणाला. "दवाखान्यासारखा वास. तिकडे स्वयंपाकघरात माश्या घोंगावतात, इथे शेणाजवळ एक नाही." बोलता बोलता त्याचा चहा सांडला. ओघळ ओट्यावरून थेट शेण कालवायच्या कुंडीत गेला.

"धांदरट मेला!" सीमंतिनी म्हणाली, पण बघत राहिली ओघळाकडे.

डिझेलचा ठेकेदार रमाकांत तिथेच घुटमळत होता.

"यानेच डिझेल ओतलंय," शरयू फणकारली.

"माझा धंदा बसेल, कबूल. पण मेलेल्याच्या टाकीला हात लावायचा? मला तर इथे उभं राहायला डर वाटतो."

सीमंतिनीने कुंडीत काठी ढवळली. तेलाचा तवंग कुठेच नव्हता.

उमाजी आले. समरजीतचे वडील, शहरातल्या शिंदे की छावनी भागात राहणारे. टाकीची देखभाल तेच करायचे. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती.

"पोरगा दुसऱ्यांदा गेला बघा," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं पोर टँकरबरोबर जळू नये, म्हणून मी इथे राबतो. कोणाची नजर लागली?"

"दगड छान चमकतोय," सीमंतिनी म्हणाली.

"रोज धुतो. पोराच्या नावापाशी बदबू कशी राहू देणार?"

सीमंतिनीने सगळ्यांना ओट्याजवळ बोलावलं.

"खून झालाय खरा. टाकी जिवंत होती. शेणातले बारीक जीव गॅस करतात. तेच मारले गेले. डिझेलने नाही, तवंग दिसला असता. माश्याही फिरकत नाहीत, असं काहीतरी इथे रोज पडतंय. यशोधनचा चहा कुठे गेला, आठवा. ओट्यावर सांडेल ते कुंडीत जातं, कुंडीतून टाकीत. दगड बसला आणि तेव्हापासूनच उसासा मंदावला." तिचा आवाज उतरला. "काका, दगड कशाने धुता?"

"फिनाइलने. चांगलं भरपूर..."

उमाजींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग ते मटकन खाली बसले.

"म्हणजे मीच? मीच माझ्या पोराचा..."

रमाकांतनेही डोळे पुसले.

शरयू त्यांच्याजवळ टेकली. "काका, कारण कळलं म्हणजे प्रयोग फसला नाही. साहेबांकडे मुदत मागते. ही टाकी उपसून गोशाळेतल्या गोबरगॅसच्या टाकीतून शेणाचा जिवंत काला आणू. पण कालवायचा तुम्ही."

मुदत मिळाली. उमाजी कोपरापर्यंत शेणात हात घालून कालवत राहिले.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी सीमंतिनी आणि यशोधन तिथे आले. झाकण वर आलं होतं. पाणी बुडबुडलं आणि एक लांब उसासा सुटला. मागे तळावरचे दिवे लागले.

दगडावर एक माशी येऊन बसली, बरोबर समरजीतच्या नावावर. उमाजींचा हात सवयीने उठला आणि तिथेच थांबला.

"बस बाई, बस," ते म्हणाले.