विहिरीचा रकाना

कडुंगवुलुह हे गाव धरणाखाली गेलं, त्याला आता वेनिंगच्या वयाइतकी वर्षं झाली. गाव बुडालं, पण गावकी काही बुडाली नाही. मध्य जावात चहूकडे पांगलेल्या त्या माणसांसाठी वेनिंग एक छोटी वेबसाइट चालवत असे. कोण हल्ली कुठे राहतं, आणि ते घर पूर्वी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, एवढीच माहिती. सोयरीक जुळवताना, मयताचा निरोप धाडताना लोक तिथे बघायचे. मिळकत शून्य आणि कटकट रोजची.

त्यात जुना डेटाबेस महिनाअखेरीस बंद होणार असल्याचं पत्र आलं. सगळं गाव पुन्हा एकदा हलवणं भाग होतं.

"एका फाइलीत मावेल असा डेटाबेस घ्या, म्बाक," तुलुस म्हणाला. तुलुस शाळामास्तर, गावचाच, आणि साइटची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे; वेनिंगला तो म्बाक, म्हणजे ताई, म्हणे. "मुंगीच्या लग्नाला हत्तीची वरात कशाला?"

वेनिंगला मात्र शिस्तीचं भारी वेड. जुना डेटाबेस म्हणजे भोळा सांब, द्याल ते पोटात घालायचा. तिने निवडला तो अगदी काटेकोर, नियमाबाहेरची एक ओळ आत न घेणारा. नियमही तिनेच लिहिले. माणूस जिवंत असेल तर त्याला घर हवं, वारला असेल तर तारीख हवी. आणि घर म्हटलं की विहीर हवीच.

"घर हलवायचं तर आधी जुन्या विहिरीचं पाणी न्यावं लागतं, न्दुक," तिची आई सुगिनेम म्हणाली. लेकीला ती लाडाने न्दुक म्हणे, आणि लेक तिला इबू.

"इबू, डेटाबेसमध्ये पाणी ओतलं तर शॉक बसेल."

"हस. तुझे वडीलही असेच हसायचे, आणि शेवटी तेच गेले पाणी आणायला."

ते खरं होतं. गाव सोडायच्या दिवशी वडिलांनी, कार्सोनोंनी, पोटुशी बायको गाडीत बसवली आणि घागर घेऊन ते मागे फिरले. नव्या घरच्या रांजणात पहिलं पाणी आपल्या विहिरीचं पडावं, एवढीच इच्छा. धरणाचं पाणी चढत होतं. ते परत आलेच नाहीत. मुलगी झाली हेही त्यांना कळलं नाही. देह सापडला नाही म्हणून मरणाची तारीख नाही, आणि नव्या गावी पोचले नाहीत म्हणून घर नाही. साइटवर त्यांचं नाव होतं आणि एक फोटो. सुगिनेम रोज सकाळी लेकीला ते पान उघडायला लावायची. त्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

सगळं गाव बिनतक्रार पलीकडे गेलं. एकच ओळ परत आली, कार्सोनोंची.

तारीख टाकली असती तर तिथेच मिटलं असतं. पण आईला ती तारीख कुठल्या तोंडाने दाखवायची? मग वेनिंगने अडीनडीला या धंद्यातले सगळेच करतात ते केलं. एक खोटं घर बनवलं. पत्ता नाही, गाव नाही. विहिरीचा रकाना रिकामा चालेना, म्हणून त्यात आपल्याच बुडालेल्या विहिरीचं नाव घातलं. कार्सोनो मुकाट आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्या घराच्या नोंदीपुढे लिहिलेलं होतं, चूल पूर्वेला. वेनिंगने तुलुसला झापलं. त्याने मुलांची शपथ घेऊन कानावर हात ठेवले. पुढे अंगणात फणस आला. मग ओसरीवर दिवा आला.

"चूल पूर्वेलाच होती आपली," सुगिनेम म्हणाली. तिला जराही नवल वाटलं नव्हतं. "फणस मात्र कोवळा होता तेव्हा. आता धरला असेल."

त्यानंतर ती दिवसभर पडद्यासमोर बसून राही. जेवण दोन घासांवर आलं. बाहेर लख्ख ऊन असायचं आणि तिच्या केसांना शेवाळाचा वास यायचा. बोलता बोलता ती थांबे, कुणी हाक मारल्यासारखी. वेनिंग तिचा हात धरून तिला परत बोलती करी. वडील तर तिने पाहिलेच नव्हते, तिची सारी दुनिया म्हणजे ही आई.

"ते एकटे आहेत तिथे. माझं नाव घाल त्या घरात."

"तुम्ही इथे राहता, इबू. हा डेटाबेस खोटं आत घेत नाही."

"घेतो की. त्यांना घेतलंच ना?"

शुक्रवारी दुपारी सुगिनेम आडवी झाली, तेव्हा वेनिंगने ठरवलं की ते घरच पुसून टाकायचं. आधी वडिलांना तिथून काढायला हवं होतं. पण ठेवायचं कुठे? विचार करून तिने त्यांना आपल्याच घरात घातलं, आईच्या नावाखाली. आईलाही बरं वाटेल. डेटाबेसने हू की चू केलं नाही.

मग तिने खोटं घर पुसायला घेतलं.

उत्तर आलं. हे घर काढता येत नाही. यात कुणीतरी राहतं.

तिने घर उघडून पाहिलं. एकच नाव होतं. सुगिनेम.

तिने तुलुसला फोन लावला.

"काल इबू शाळेत आल्या होत्या," तो चाचरत म्हणाला. "माझा हात धरला, म्हणाल्या, एवढं कर. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्बाक? तुमच्या जिवाला लागेल म्हणून बोललो नाही. आत्ता जेवणाच्या सुट्टीत केलं."

वेनिंग आईच्या खोलीत गेली. चटई होती. उशी ओली होती. वहाणा दाराशी जोडीने ठेवलेल्या होत्या.

स्वयंपाकघरात रांजणात पाणी ओतल्याचा आवाज आला. भरली घागर सावकाश रिकामी होत होती.

वेनिंगचा जीव भांड्यात पडला.

"इबू?"

पाणी थांबलं. घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुणी पुरुष दमून खाकरला.

"जरा वेळच झाला, न्दुक. आई कुठे गेली तुझी?"