न्हाणीमागची माती

खोऱ्यातल्या आरोग्य केंद्रात 'वंशवाचक' आला, तेव्हा डॉ. ऋजुता इंगवले यांना वाटलं होतं, रोग्याला खोदून खोदून विचारण्याची कटकट आता संपली. शौचाचा नमुना घातला की ते यंत्र जंतांची अंडी शोधायचं आणि जनुकांवरून ती कुठल्या जंतांची पिलावळ, तेही सांगायचं. पण जंत पोटात शिरले कसे, ते माणसालाच विचारावं लागे. आणि माणसं खोटं बोलत.

आज समोर काजल बसली होती, पांढरीफटक, पोट दाबून धरलेली. उत्तरं मात्र तिच्या सासूबाई देत होत्या.

"पाणी उकळून पिता?"

"उकळूनच की."

"कच्च्या भाज्या?"

"धुतल्याबिगर न्हाई. आमच्या घरात तसलं चालत न्हाई."

पडद्यावर निकाल उमटला आणि डॉक्टरांनी तो पुन्हा वाचला. केंद्रात पूर्वी तपासलेल्या एका नमुन्याशी हे जंत जुळत होते. तो नमुना काजलच्या मुलाचा, शिवांशचा होता. पोर दोन वर्षांपूर्वी तापानं गेलं होतं.

त्यांनी सासूबाईंना औषधाच्या खिडकीवर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. अंगात रक्त कमी असलं की बायका माती खातात, पण सासूसमोर कोण कबूल करणार?

"काजल, माती खातेस का?"

तिनं लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं.

"न्हाणीमागं तो खेळायचा. तिथंच परसाकडं बी बसायचा. तिथली चिमूटभर माती खाते. तोंडात टाकली की तो जवळ हाय असं वाटतं."

जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, हे डॉक्टरांनी तिला समजावलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण यंत्रानं सांगितलेलं त्यांच्याच्यानं लपवून ठेववेना.

"तुझ्या पोटातले जंत त्याच्याच पोटातल्या जंतांपासून आलेत."

काजलची पोटावरची पकड सैल झाली. पोटुशी बाई फिरवते तसा ती पोटावरून हात फिरवू लागली. डॉक्टरांना तिची भीती वाटली.

"ही गोळी घे. आतडं अडलं तर जिवावर बेतेल."

"कपडे सासूबाईंनी वाटून टाकले. खेळणी नदीत सोडली." काजलनं गोळी टेबलावर, डॉक्टरांच्या मुलीच्या फोटोशेजारी परत ठेवली. "त्याचं जित्तं असं एवढंच उरलंय. तुम्हालाबी लेकरू हाय, मॅडम. तुम्ही गिळली असती?"