धुळ्याच्या रविवारची नोंद

झेरॉक्सवाल्याने घाईघाईत कागदांचा गठ्ठा मेघाच्या हातात कोंबला आणि तिसऱ्याच पानावर ती थबकली. आलेख ओळखीचा होता... सरळ चाललेली रेघ, अचानक खाली उतरलेली, थोडा वेळ सपाट राहून पुन्हा वर आलेली. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड असाच कमी होतो. पीएच.डी.च्या तीन वर्षांत असे शेकडो आलेख तिने पाहिले होते. हा मात्र तिचा नव्हता.

"हा कोणता तारा?" ती पुटपुटली.

"सावद्याचा पंप आहे तो, मॅडम," शेजारून आवाज आला. "आमच्या केळीच्या मळ्यातला. पान माझं आहे... पण तारा म्हणालात ते आवडलं."

उंच, उन्हाने रापलेला आणि हसू दाबायला न जमणारा तो मुलगा म्हणजे नवल. त्याचा पंप सोलरवर चालायचा. गेला महिनाभर रोज दुपारी एक वीसला वीज कमी व्हायची, अकरा मिनिटांनी आपोआप वर यायची. ना ढग, ना झाडाची सावली. कंपनीचा माणूस तीनदा येऊन वायरी बदलून गेला होता. आता लेखी तक्रारीसाठी नवल मोबाईलवरच्या नोंदी छापायला जळगावला आला होता.

"गावात काय म्हणतात?" मेघाने सहज विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "माझे वडील, रुपचंदनाना, डिसेंबरात गेले. जेवण झालं की ते ओल्या पंच्याने सोलरच्या प्लेटा पुसायचे. तापल्या काचेवर पाणी मारू नये, तडकते, हे सांगून माझं तोंड दुखलं. ऐकलं नाही कधी. रोज... एक वीसलाच."

फेब्रुवारीचं ऊन दुकानाच्या दारापर्यंत आलं होतं. तरी मेघाच्या अंगावर काटा आला.

पुढच्या रविवारी ती एसटीने सावद्याला गेली. निरीक्षणासाठी, असं तिने मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण 'बरं बरं' म्हणाली आणि गालात हसली.

केळीच्या मळ्यात भर दुपारीही संध्याकाळ असते. पानांवर पानं, खाली ओली काळी माती, आणि वारा नसताना कुठेतरी एखादंच पान हलत राहतं. पंपाच्या खोलीत मेघा आकड्यांवर नजर लावून बसली. नवल ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला गेला. एक वीस झाले... आणि पंपाचा आवाज बसला. आकडा धडाधड उतरला. बाहेर घुमणारे होले पक्षीही गप्प झाले. अकरा मिनिटं मेघाने श्वास धरल्यासारखी काढली.

मग ती दर रविवारी जाऊ लागली. आता आठवडाभर रेघ सरळ असायची आणि रविवारी नेमका खड्डा पडायचा.

"तुम्ही नेमकं करता काय?" एकदा हौदावर पाय सोडून बसला असताना नवलने विचारलं.

"ग्रह कसे तयार होतात याचा हिशेब मांडते आणि खरे सापडलेले ग्रह त्यात बसतात का ते बघते. हिशेब म्हणतो, गुरूएवढा मोठा ग्रह ताऱ्यापासून लांब, थंडीतच जन्मतो. आणि सापडतो तो ताऱ्याला अगदी चिकटून! चार दिवसांत प्रदक्षिणा."

"मग?"

"मग हिशेब दुरुस्त करायचा. तो लांबच जन्मला, पण सरकत सरकत जवळ आला, असं मानायचं."

"सरकत सरकत..." नवल हौदाच्या काठावरून वीतभर सरकला. "असा?"

"तुमचं लक्ष अभ्यासात नाही," मेघा म्हणाली. सरकली मात्र नाही.

"आणि तरी जे बसत नाहीत?"

"सात आहेत तसे. आमचे सर म्हणतात, काढून टाक. मी म्हटलं, नाही टाकणार. जे दिसलं ते दिसलं."

मार्चमधल्या एका रविवारी धुळ्याच्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं. नवल सोबत आला. त्याची आई झुंबरबाईही धुळ्याला बहिणीकडे जायचं म्हणून घराला आणि मळ्याच्या फाटकाला कुलूप लावून निघाली. व्याख्यानानंतर दोघं शेवभाजी खायला बसली. तिखटाने मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं, नवलने पाण्याचा ग्लास पुढे केला. बोटाला बोट लागलं. घड्याळात तेव्हा एक वीस झाले होते. ते तिला लक्षात राहिलं, कारण दोघांनीही एकदमच घड्याळाकडे पाहिलं आणि दोघंही हसली.

त्यानंतरच्या रविवारी मात्र तिला पंपाच्या खोलीत बसवेना. आवाज बसला तशी ती बाहेर धावली. प्लेटांपाशी नवल उभा होता. घामाघूम, दोन्ही हातांनी केळीचं भलंमोठं पान काचेवर धरून.

"मेघा..." पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मॅडम निघालं नाही. "ऐक. आधीचं खरं होतं. तू पहिल्यांदा इथे यायच्या आदल्या दिवशीच ते थांबलं. वाटलं, खड्डे संपले की तूही यायची थांबशील."

"तू नोंदी खोट्या केल्यास," ती म्हणाली. "दुसरं काहीही केलं असतंस तर चाललं असतं, नवल."

ती तडक गेली. तीन आठवडे फोन उचलला नाही. रात्री उशी ओली व्हायची तेव्हा स्वतःचाच राग यायचा. तिच्या मते आता सगळा उलगडा झाला होता. पहिल्या दिवसापासून सगळं यानेच केलं, मेलेल्या बापाचं नावसुद्धा वापरलं. अशा माणसाला जीव लावायचा कसा?

मग टपालाने पाकीट आलं. आत पंपाची पूर्ण नोंद, आणि त्याच्या अक्षरात एक ओळ — "मी केलेले रविवार हे चार." खाली तारखा.

सवयच ती. मेघाने पेन्सिल घेतली आणि त्याच्या तारखा नोंदीशी ताडून बघितल्या. पहिला जुळला. दुसरा, तिसरा जुळले. केळीच्या पानाचा रविवारही जुळला. पण ती मळ्यात जाऊ लागल्यापासूनचे खड्डे नोंदीत पाच होते. पाचवा धुळ्याच्या रविवारचा होता. एक वीस ते एक एकतीस.

तेव्हा नवल तिच्यासमोर बसून पाण्याचा ग्लास पुढे करत होता.

तिने काढलेला उलगडा या एका नोंदीपाशी अडला. आणि न बसणारी नोंद टाकून देणं तिला कधी जमलंच नव्हतं.

ती मळ्यात पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. नवल कडुलिंबाखाली बसला होता, वाळला होता. मेघाने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तारीख दोनदा वाचली. "हे... हे मी पाहिलंच नव्हतं."

"माहीत आहे." ती त्याच्यासमोर बसली. "दोन्ही हात इकडे दे. माझ्या हातात. आज सोडायचे नाहीत."

त्याने दिले. हात थंडगार होते. मोबाईल दोघांच्या मध्ये, प्लेटा दहा पावलांवर, ऊन रणरणतं आणि आभाळ कोरडं. होले गप्प झाले.

एक वीस. पंपाचा आवाज बसला.

प्लेटांपाशी कुणी नव्हतं. पण वरच्या काचेवरच्या धुळीत एक ओला पट्टा उमटला, हळूहळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग त्याखाली दुसरा. नवलची बोटं तिच्या बोटांत रुतली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

मागून झुंबरबाई ताकाचे ग्लास घेऊन आली. तिने प्लेटांकडे एकदा पाहिलं, जसं घरच्या माणसाकडे पाहतात.

"रोज यायचे वं माय," ती मेघाला म्हणाली. "जेवन झालं की पुसाले जायचे. मधी थांबले व्हते. पोराचं मार्गी लागतंय असं वाटलं असंन त्याहिले. घराले कुलूप दिसलं तवा आले, अन् पोराचं बिनसलं तवा पुन्हा." ग्लास खाली ठेवून ती घराकडे वळली.

आवाज पुन्हा चढला. काच लख्ख झाली होती.

"भीती वाटते?" नवलने विचारलं.

"खूप," मेघा म्हणाली. "म्हणून तर जवळ आले." एक एकतीस वाजून गेले होते. हात मात्र तिने सोडले नाहीत.